चेहऱ्याकडून बाटलीकडे, बाटलीकडून झाडाकडे: पोर्ट्रेटवाल्यांसाठी धागा

काजळरेघ

बरीच वर्षं फक्त पोर्ट्रेट करते आहे. आधी चारकोल, मग तैलरंग. समोर माणूस बसला की सुरुवात कुठून करायची हे आता हाताला ठाऊक असतं. सध्या मात्र ठरवून स्टिल लाइफ (मांडलेल्या वस्तूंचं चित्र) आणि लँडस्केप करायला घेतलंय आणि एक विचित्र गोष्ट जाणवतेय. ड्रॉइंग बरोबर असतं, टोन (उजळ-गडदाच्या छटा) जागच्या जागी असतात, रंगही बरे लागतात, तरी चित्रापुढे कोणी थांबत नाही. मीसुद्धा नाही.

मला दिसणारं कारण असं. चेहऱ्यात महत्त्वाची जागा आपल्याला ठरवावी लागत नाही. बघणारा आपणहून डोळ्यांकडे जातो, तिथून ओठांकडे आणि परत डोळ्यांकडे. चेहरे ओळखण्यात तरबेज असा एक भागच माणसाच्या मेंदूत आहे. म्हणून तर ढगात, भिंतीवरच्या ओलीत, विजेच्या प्लगमध्येही आपल्याला तोंडं दिसतात. म्हणजे पोर्ट्रेट करणाऱ्याचं बरंचसं काम बघणाऱ्याचा मेंदू परस्पर उरकून टाकतो. किटली आणि दोन बाटल्या मांडल्या की ही मदत बंद. नजर कुठे उतरावी, कुठे रेंगाळावी, कुठून बाहेर पडावी, सगळं आपल्या अंगावर येतं. लँडस्केपमध्ये तर समोर मांडणीच नसते, नुसता पसारा असतो.

पोर्ट्रेटमधून इकडे आलेल्यांनी हे कसं सोडवलं? तिकडचं काय इकडे कामाला आलं आणि कुठली सवय आडवी आली, तेवढं नेमकं सांगा. ‘सराव करा’ हे उत्तर नको, ते मलाही देता येतं. माध्यम कुठलंही चालेल.

अर्धछटा

छान धागा. तुमचं निदान पटलं, पण अर्धंच.

पोर्ट्रेटमध्येही मांडणी असतेच, फक्त ती इतकी ठरून गेलेली असते की आपण तिच्याकडे बघत नाही. तीन-चतुर्थांश वळलेलं डोकं, वरून एका बाजूनं येणारा प्रकाश, सावलीतल्या गालावर उजेडाचा तो त्रिकोण. ‘रेम्ब्रांट लाइट’ म्हणून सगळे वापरतात. ही रचना शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सोडवून ठेवलेली आहे, आपण ती आयती घेतो. स्टिल लाइफमध्ये असं काही आयतं मिळत नाही, म्हणून उघडं पडल्यासारखं वाटतं.

उपाय म्हणाल तर ब्रश उचलायच्या आधी तळहाताएवढ्या चौकटीत फक्त तीन टोनमध्ये स्केच करा: गडद, मधला, उजळ. वस्तूंची नावं विसरायची. बाटलीची सावली आणि तिच्या मागचं गडद कापड एकाच टोनचं असेल तर दोन्ही मिळून एकच आकार, मधली रेघ काढायची नाही. त्या छोट्या चौकटीत काही दिसलं नाही तर मोठ्या कॅनव्हासवरही दिसणार नाही.

पोर्ट्रेटवाल्यांना हे जड जातं, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट ‘ओळखू’ यायला हवी असते. नाक नाकासारखं दिसलं पाहिजे ना! तीच सवय मग बाटलीलाही लागते आणि प्रत्येक वस्तू आपापली सुटी उभी राहते.

जुनाब्रश

इतिहासातली एक गंमत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजेशाही चित्रकला अकादमीत आंद्रे फेलिबियाँ यानं चित्रप्रकारांची चक्क उतरंड लावून दिली. सगळ्यात वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्र, त्याखाली प्राणी, त्याखाली निसर्ग आणि अगदी तळाला फळं, फुलं, भांडी. निर्जीव वस्तूंपेक्षा जिवंत काढणारा श्रेष्ठ आणि माणूस काढणारा त्याहून श्रेष्ठ, असा हिशेब.

फ्रेंच चित्रकार शार्दँ १७२८ साली त्याच अकादमीत दाखल झाला तो प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवरून. त्याचा मित्र आवेद व्यक्तिचित्रकार होता. एका कामाचा मोबदला कमी वाटला म्हणून आवेदनं ते नाकारलं. शार्दँ म्हणाला, घ्यायचं होतंस की. त्यावर आवेदनं ऐकवलं की पोर्ट्रेट म्हणजे काही सॉसेज रंगवण्याइतकं सोपं नसतं. हा किस्सा शार्दँच्या समकालीनांनीच लिहून ठेवलाय. टोमणा त्याला इतका लागला म्हणे की तो माणसं रंगवायला लागला. १७३० च्या दशकात त्याच्या चित्रांत माणसं आली हे तर खरंच आहे: पत्त्यांचा बंगला रचणारा मुलगा, साबणाचा फुगा फुगवणारा मुलगा.

मजा अशी की त्या माणसांकडे नीट बघितलं तर ती भांड्यांसारखीच शांत बसलेली असतात. आज आवेद कुणाला आठवतो? शार्दँचं नाव निघतं म्हणून आवेदचं निघतं.

टर्पेंटाईन

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

हे सगळं करायचंच कशाला? एक चेहरा नीट वाचायला अख्खा जन्म पुरत नाही. कान, मानेचा खड्डा, हातांची बोटं यातलं काही धड न जमलेले लोक ‘आता जरा लँडस्केप बघतो’ म्हणून निघतात आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे मध्यम दर्जाचे होऊन परत येतात. गवयाला कोणी तबला का शिकत नाहीस म्हणून विचारत नाही. चित्रकारानंच का सगळं आलं पाहिजे?

काजळरेघ

टर्पेंटाईन, राग कसला! पण इंग्रज चित्रकार गेन्सबरोचं काय करायचं मग? पोट पोर्ट्रेटवर आणि जीव लँडस्केपमध्ये, असं त्याचं आयुष्य गेलं. पोर्ट्रेटचा कंटाळा आलाय, वाद्य घेऊन कुठल्यातरी छानशा खेड्यात जावं आणि निसर्ग रंगवत बसावं, असं त्यानं मित्राला पत्रात लिहिलंय. सार्जंट या अमेरिकन पोर्ट्रेटकारानं तर १९०७ च्या सुमारास, चढत्या काळात, पोर्ट्रेटची कामं घेणं जवळपास बंदच केलं आणि आल्प्स, व्हेनिस, बागा, कारंजी, दगडाच्या खाणी रंगवत हिंडला. हे दोघे काही मध्यम दर्जाचे झाले नाहीत.

आणि गवई तबला वाजवत नसेल, पण ताल त्याला कळावाच लागतो की.

टर्पेंटाईन

सार्जंटचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यानं आधी तीसेक वर्षं चेहरे केले आणि मग सोडले. मी एवढंच म्हणतोय.

उनाडपॅलेट

मी आता बहुतेक बाहेरच काम करतो. सुरुवात मात्र पोर्ट्रेटनंच झाली होती, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकेन. लांबेल, आधीच सांगतो.

आधी उजेडाचं. स्टुडिओत प्रकाश आपल्या मुठीत असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेची खिडकी घेतली की थेट ऊन फारसं येत नाही आणि उजेड दिवसभर जवळपास स्थिर राहतो. बाहेर सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सावल्यांची दिशा, लांबी आणि रंग, तिन्ही बदलतात. पोर्ट्रेटवाल्याला वाटतं, मॉडेल परत तसंच बसवू. झाड तसं बसत नाही. म्हणून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सावल्यांचे आकार पक्के करायचे आणि पुढे ऊन कुठेही गेलं तरी त्या हलवायच्या नाहीत. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९०–९१ मध्ये गवताच्या गंज्या रंगवल्या तेव्हा उजेड बदलला की तो कॅनव्हासच बदलायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पहिला कॅनव्हास परत घ्यायचा. ज्याला एकाच चित्रावर जास्त वेळ हवाय त्याच्यासाठी हीच पद्धत.

दुसरं, कॅनव्हासवर थेट ऊन पडू देऊ नका. भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरातल्या खोलीत जेमतेम काहीशे. उन्हात पॅलेटवरचा प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा उजळ वाटतो, म्हणून आपण गडद कालवतो. घरी आणलं की चित्र काळवंडलेलं. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत आणि दोन्हींवर उजेड सारखाच हवा.

तिसरं म्हणजे टोनची उतरंड. चेहऱ्यात कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड अशा पुढे आलेल्या पातळ्या (म्हणजे उजेडाकडे वेगवेगळ्या कोनांत वळलेले पृष्ठभाग) कुठे उजळतात हे आपल्याला पाठ असतं. निसर्गातही तशी पातळ्यांची शिस्त आहे. उजेड वरून, आकाशातून येतो. त्यामुळे सर्वसाधारणपणे आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल सपाट जमीन, मग डोंगराचे उतार आणि सर्वांत गडद ते उभे आकार, म्हणजे झाडं. बर्फ पडलेलं असेल तर किंवा पाण्यावर उजेड चमकत असेल तर हे फिरतं, पण नव्वद टक्के वेळा याच्यावर भरवसा ठेवता येतो. ज्यांना डोक्याच्या पातळ्या कळतात त्यांना हे अर्ध्या तासात कळेल. पोर्ट्रेटमधून थेट उचलून आणता येईल अशी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं माझं मत.

आता आडवी येणारी सवय: घोटणं. गालावरचा मिडलटोन ते सावली हा प्रवास आपण मऊ मऊ करत नेतो. झाडावर तसं केलं की त्याचा कापूस होतो. आणि ते टाळायला गेलं की माणूस पानं मोजायला लागतो. दोन्ही नको. झाड म्हणजे उजेडाकडचा एक मोठा आकार आणि सावलीचा एक मोठा आकार. पानं फक्त कडेला, जिथे झाड आकाशाला भिडतं तिथे, तीही मोजकी. फांद्यांमधून आकाशाचे जे तुकडे दिसतात ते मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद लावा. आजूबाजूच्या बारीक फांद्या आणि पानं तिथला उजेड खातात. शुद्ध आकाशाचा रंग लावला की झाडाला भोकं पाडल्यासारखी दिसतात.

अर्धछटा

+१. पातळ्यांचा भाग वाखूत (वाचनखुणांत) टाकला.

नवशिकी

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: हे सगळं फोटोवरून केलं तर नाही का चालणार? पोर्ट्रेट मी फोटोवरूनच शिकले. झाड निदान मग हलणार तरी नाही.

उनाडपॅलेट

चालेल, पण फोटो काय खातो ते माहीत असू द्या. आकाश आणि झाडाखालची सावली एकाच फोटोत धरताना कॅमेऱ्याला एक बाजू सोडावी लागते. आकाश पांढरं फटक होतं किंवा सावली काळी ठिक्कर. डोळा त्या सावलीत जातो, थोडा सरावतो आणि तिथले निळे, जांभळे, उन्हाच्या परावर्तनाचे तांबूस रंग वेचतो. शिवाय फोटोत पुढचं गवत आणि मागचा डोंगर, दोघांच्याही कडा सारख्याच करकरीत असू शकतात.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटोनं चौकट आधीच आखून दिलेली असते. काजळरेघ यांचा मूळ प्रश्न तर चौकट ठरवण्याचाच आहे.

मधला मार्ग असा: जागेवर छोटं रंगीत स्केच करा, त्यात फक्त टोन आणि रंग पकडा. आकारांच्या तपशिलासाठी फोटो घ्या. घरी दोन्ही समोर ठेवा आणि दोघांत भांडण लागलं तर स्केचचं ऐका.

काचकुपी

लँडस्केपवाल्यांनी धागा पळवला, जरा टेबलाकडे या.

पोर्ट्रेटवाल्यांनी आधी स्टिल लाइफच करावं आणि लँडस्केप नंतर, असं माझं ठाम मत आहे. कारण साधं. इथे उजेड अजून तुमच्या हातात असतो. खोके कापून एक बाजू आणि वरचा थोडा भाग उघडा ठेवा, आत गडद किंवा राखाडी कागद लावा, एकच दिवा. झाली तुमची रंगभूमी. बदलली ती फक्त पात्रं. एका वेळी एकच गोष्ट नवी असावी.

आता या पात्रांच्या खोड्या. वाटी, पेला, बाटली यांची तोंडं म्हणजे लंबवर्तुळं. त्यांची टोकं कधीही टोकदार नसतात, वळण कितीही अरुंद असलं तरी गोलच असतं. आणि नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितकं वर्तुळ उघडत जातं. म्हणून बाटलीचा तळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसतो. डोळ्यांच्या कोपऱ्यांना टोक काढायची सवय असलेले हात इथे हमखास टोक काढतात. मध्यरेषा टाका, दोन्ही बाजू मोजा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

काच रंगवायची नसते. काचेमागचं जे दिसतं ते रंगवायचं, किंचित वाकलेलं आणि थोडं गडद. कडेला जिथे काच जाड होते तिथे गडद रेषा येते, मधेच तुटते, पुन्हा येते. शेवटी एक-दोन चमका. बस.

धातूच्या चमकेच्या कडा करकरीत असतात आणि आजूबाजूचे गडद-उजळ पट्टे अचानक बदलतात. त्वचेवरची चमक मात्र कडेला मऊ होत विरते. कपाळावरची चमक लावण्याच्या पद्धतीनं तांब्याच्या भांड्यावर चमक लावली तर ते भांडं मातीचं वाटतं. उलट मातीचं मडकं हे पोर्ट्रेटवाल्यांसाठी वरदान आहे. ते जवळपास त्वचेसारखंच वागतं: मऊ वळण, उबदार उजेड, सावलीत टेबलावरून उसळून आलेला मंद प्रकाश. सुरुवात मडक्यापासून करा, मग तांबं, काच सगळ्यात शेवटी.

निळासावळा

पॅलेटचं कोणी बोललंच नाही. मी पोर्ट्रेटला स्वीडिश चित्रकार झॉर्नचं पॅलेट वापरतो: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (त्याऐवजी कॅडमियम रेड), आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. त्वचेसाठी याच्यापेक्षा सोपं काही नाही. याच चारांवर लँडस्केप निभेल का?

काचकुपी

स्टिल लाइफ नक्की निभेल, वस्तू त्या हिशेबानं निवडायच्या. गडद निळी बाटली मांडून मग रडायचं नाही.

उनाडपॅलेट

ढगाळ दिवसाचं लँडस्केप चक्क छान निघतं. काळा आणि पांढरा मिळून जो राखाडी होतो तो ऑकर-लालच्या शेजारी निळसर वाटतो. काळा आणि ऑकर मिळून ऑलिव्हसारखा हिरवा मिळतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी मात्र आकाश निळं म्हणून उठणार नाही, तेव्हा अल्ट्रामरीन आणि एक थंड पिवळा जोडून घ्या. झॉर्नच्या नावानं चार रंगांचं पॅलेट प्रसिद्ध असलं तरी त्यानं पाण्याची, समुद्राची चित्रं भरपूर केली आहेत आणि त्यांत निळा आहेच. नियम म्हणून त्याच्याकडे बघू नका.

हिरव्याबद्दल एकच सांगतो. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला की चित्र प्लॅस्टिकचं होतं. व्हिरिडियन (थंड हिरवा) घेतलात तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा लाल घालून त्याचा माज उतरवा. आणि इथे पोर्ट्रेटवाल्यांचा डोळा खरंच सरस ठरतो. चेहऱ्यात कपाळ पिवळट, गाल-नाक तांबूस, जबड्याकडे थंड, हे फरक किती बारीक असतात! ते ज्याला दिसतात त्याला पानांतलेही दिसले पाहिजेत. ऊन आरपार जातंय ते पान पिवळं-हिरवं पेटलेलं, वरून आकाश पडलंय ते निळसर राखाडी, आतल्या सावलीतलं तपकिरीकडे झुकलेलं. हिरवा हा एक रंग नाहीच. त्वचा कुठे एक रंग असते?

अर्धछटा

दूरच्या डोंगराबद्दलही सांगून टाका. तिथे फार घोळ होतो.

उनाडपॅलेट

हवेतून बघताना मधले कण आणि वायू निळा उजेड जास्त विखुरतात. त्यामुळे लांबच्या गडद गोष्टी उजळ आणि निळ्या होत जातात, सगळ्यात आधी पिवळा हरवतो. पण लांबच्या पांढऱ्या गोष्टी, म्हणजे ढग किंवा बर्फाचं शिखर, त्या उलट किंचित पिवळट-केशरी होतात. ‘लांबचं म्हणजे निळं’ एवढंच पाठ करून क्षितिजावरच्या ढगालाही निळा लावला की तो अंगावर येतो.

पोर्ट्रेटच्या बॅकग्राऊंडला आपण ‘काहीतरी गडद, मागे जाणारं’ लावून मोकळे होतो. त्या सवयीनं लँडस्केपमध्येही मागचं गडद केलं की सगळं पुढे धावतं. इथे मागे जायचं तर उजळत जायचं.

सावलीतला

मला मूळ प्रश्नाकडे वळायचंय. ‘साम्य’ या गोष्टीवर कोणी बोललं नाही.

पोर्ट्रेटमध्ये आपल्याला पहिल्यापासून धाक असतो: ओळखू आला पाहिजे. डोळ्यांतलं अंतर सुतभर चुकलं की तो माणूस राहत नाही. फांदी दोन बोटं इकडची तिकडे झाली तर कोण तक्रार करणार? मला वाटतं, पोर्ट्रेटवाल्यांची निसर्गचित्रं निर्जीव होतात ती या धाकापायी नाही, तो धाक अचानक संपल्यामुळे होतात. आता काहीही चालतं म्हटल्यावर नजर सैल होते. मग ‘एक झाड’ निघतं, ‘ते’ झाड निघत नाही.

झाडालाही वाऱ्याच्या बाजूला झुकायची सवय असते, खोडाचा जमिनीत शिरण्याचा ढंग असतो, फांद्या फुटण्याचा कोन त्याच्या जातीचा असतो. हे पकडलं तर पोर्ट्रेटचीच विद्या इथे लागते. मी तर झाडापुढे बसलो की आधी विचारतो, हा माणूस असता तर कसा बसला असता?

जुनाब्रश

सावलीतला, याची उलटी बाजूही आहे. फ्रेंच चित्रकार सेझान. व्होलार या चित्रविक्रेत्यानं १८९९ मध्ये त्याच्यापुढे पोर्ट्रेटसाठी ११५ वेळा बैठका दिल्या, असं व्होलारनंच लिहिलंय. बसल्या बसल्या डुलकी लागून तो खुर्चीसकट खाली पडला, तर सेझान त्याच्यावरच चिडला. सफरचंदासारखा बस, सफरचंद कधी हलतं का, असा त्याचा सवाल. म्हणजे त्याच्यासाठी माणूसही स्टिल लाइफच होता. आणि फुलं त्याच्या संथ गतीनं कोमेजायची म्हणून तो कागदी फुलंही वापरायचा.

अमेरिकन चित्रकार व्हिसलरनं १८७१ मध्ये आईचं पोर्ट्रेट केलं आणि नाव दिलं ते करड्या आणि काळ्याची रचना अशा अर्थाचं. चौकटीचा करडा आयत, पडद्याचा गडद पट्टा, आणि त्यात बाजूनं बसलेली आई. चेहरा चित्राच्या मानानं छोटासा आहे. काजळरेघ यांनी वर म्हटलंय ना, बघणाऱ्याचा मेंदू चेहऱ्याकडे धावतो आणि काम सोपं करतो? व्हिसलरनं ती मदत मुद्दाम कमी करून घेतली. त्यामुळे मला वाटतं, स्टिल लाइफचा खरा फायदा परत पोर्ट्रेटकडे आल्यावर कळतो. चेहऱ्याभोवतीचा तीन-चतुर्थांश कॅनव्हास आपण ज्या उदासपणे भरतो तो भरवत नाही मग.

काजळरेघ

‘उदासपणे भरतो’ हे अगदी वर्मी लागलं. :)

सावलीतला यांचं म्हणणं मला जास्त पटतंय. टोन, कडा, पातळ्या हे सगळं आपल्यासोबत येतं. येत नाही तो समोरच्याबद्दलचा आदर. माणूस समोर बसला की आपण सावध असतो, तो चित्र बघणार असतो. बाटलीला मत नसतं. तिच्यापुढे आपण उगाच ढिले होतो.

पण मग माझा प्रश्न अजून शिल्लकच आहे: वस्तू निवडायच्या कशा? माणूस आपल्याकडे येतो, म्हणजे विषय येतो. इथे कपाट उघडून उभी राहते आणि काहीच काढावंसं वाटत नाही.

काचकुपी

थोड्याच निवडा आणि त्याच पुन्हा पुन्हा घ्या. इटालियन चित्रकार मोरांदी जन्मभर बोलोन्यात राहून त्याच त्या बाटल्या, डबे, भांडी रंगवत राहिला. काहींना त्यानं वरून मॅट रंगही लावून टाकला होता, म्हणजे चमक आणि लेबल मधे येऊ नये. एक बाटली दोन बोटं सरकवली की त्याच्यासाठी नवं चित्र. तुम्ही एकाच मॉडेलची अनेक पोर्ट्रेट केली असतील ना? मग भांड्याला पहिल्याच भेटीत सोडून का देता?

आणि वस्तूंमधल्या जागेकडे बघा, वस्तूंकडे कमी. दोन बाटल्यांच्या मधल्या फटीचा आकार कंटाळवाणा असेल तर त्या कितीही सुंदर असोत, उपयोग नाही. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकू देऊ नका. एकतर एकीनं दुसरीला झाकावं, नाहीतर मधे ठळक अंतर असावं.

टर्पेंटाईन

मोरांदीचं उदाहरण परत माझ्याच बाजूचं आहे हे लक्षात येतंय का कुणाच्या? जन्मभर एकच गोष्ट.

काचकुपी

टर्पेंटाईन, मोरांदीनं लँडस्केपही बरीच केली आहेत. आणि त्यातली घरं अगदी बाटल्यांसारखी उभी आहेत. बघा जमलं तर.

टर्पेंटाईन

बघतो.

निळासावळा

अवांतर: गेन्सबरो तर टेबलावरच लँडस्केप मांडायचा. दगडाचे तुकडे, वाळलेली झाडपाल्याची पानं आणि आरशाचे तुकडे यांची छोटी प्रतिकृती करून तो त्यातून खडक, झाडं आणि पाणी वाढवायचा, असं त्याचा प्रतिस्पर्धी चित्रकार रेनॉल्ड्स यानं १७८८ मध्ये व्याख्यानात सांगितलंय. म्हणजे स्टिल लाइफ आणि लँडस्केप एकाच टेबलावर! पोर्ट्रेटवाल्यांना बाहेर जायचं धाडस होत नसेल तर हा प्रकार करून बघायला काय हरकत आहे? उजेडही हातात राहील.

अर्धछटा

भन्नाट. आरशाचं पाणी करून बघणार. पण एक खबरदारी: खऱ्या पाण्यात गडद गोष्टीचं प्रतिबिंब थोडं उजळ आणि उजळ गोष्टीचं थोडं गडद दिसतं. आरसा तो फरक दाखवणार नाही. प्रतिबिंब म्हणजे उलटी केलेली नक्कलही नसते. पाण्यातून आपण जणू खालून बघत असतो, म्हणून पुलाचा पोटाकडचा भाग प्रतिबिंबात दिसतो, वर दिसत नाही. एवढं आरसाही बरोबर दाखवेल.

सावलीतला

जलरंगात कोणी करतंय का हे? सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी जलरंगात निसर्गचित्रंही तितक्याच ताकदीनं केली. तैलरंगात पोर्ट्रेट करणाऱ्याला जलरंगात लँडस्केप करताना सगळं उलटं करावं लागतं, उजळ आधी आणि गडद नंतर. त्यामुळे जुनी सवय आपोआप गळते, असा माझा अनुभव. दोन्ही बदल एकदम केले तर काचकुपी रागावतील, पण मला तरी फायदा झाला.

काचकुपी

रागावले नाही, पण नवशिकीनं हे वाचू नये.

नवशिकी

वाचलं. :) मी आधी मडकंच करणार आहे.

उनाडपॅलेट, एक राहिलं. कॅनव्हास सावलीत हवा म्हणालात. झाड नसेल तिथे छत्री लावली तर चालेल ना? माझ्याकडे लाल आहे.

उनाडपॅलेट

लाल नको. कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्या पॅलेटवर लाल झाक मारेल आणि तुम्ही नकळत ती भरून काढायला हिरवा वाढवाल. पातळ पांढऱ्यातून ऊन जास्त झिरपतं. काळी किंवा करडी घ्या, जाड कापडाची. अंगातला शर्टही शक्यतो गडद असू द्या, फिका किंवा भडक नको; भडक शर्टाचा रंग ओल्या कॅनव्हासवर उमटतो. आणि छत्री ईझलला (कॅनव्हास ठेवायच्या स्टँडला) बांधू नका. वाऱ्याचा एक झोत आला की छत्री, ईझल आणि चित्र तिन्ही एकदम उडतात. तिला वेगळा खांब रोवा.